मागच्या पानावरचं उत्तर



राहाता तालुक्यातल्या एका वस्तीवर गेली दोन वर्षं आम्ही दुपारचा वर्ग चालवतो. सहावी ते आठवीच्या वयाच्या अकरा मुली येतात. कुणाची शाळा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुटली ती सुटलीच. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, मागे धाकट्यांना हिनेच सांभाळायचं. कुणाला पुढच्या गावच्या शाळेत एकटीला पाठवायला घरचे तयार नाहीत. शहरातली काही सुशिक्षित कुटुंबं मुलांना आपण होऊन घरी शिकवतात. आमच्या मुलींचं घरी असणं कुणी त्यांना विचारून ठरवलेलं नाही. शिक्षणहक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शाळा हा त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी आपलं भांडण चालूच राहील. पण तोवर मुलींच्या डोक्याने थांबून राहायचं का?

भाषा-गणिताला बालभारतीची पुस्तकं होती. तर्क आणि विचार कशातून शिकवायचा, हा प्रश्न होता. आठवडे बाजाराच्या दिवशी मी दुकानातून बुद्धिमत्ता चाचणीची तीन गाईडं आणली. शिष्यवृत्ती परीक्षेची मुलं वापरतात तीच. मुली भराभर सोडवू लागल्या, मीही खूश झाले.

एके दिवशी संख्यामालिका होती : २, ६, १२, २०, ३०, पुढे काय? बहुतेकींनी ४२ लिहिलं. मग पुस्तकाच्या मागे पाहिलं, तिथे ४० छापलेलं. चौघींनी मुकाट्याने ४२ खोडून ४० लिहिलं. मी म्हटलं, "अगं, तुमचं बरोबर होतं. फरक बघा : चार, सहा, आठ, दहा, मग बारा." त्यांच्यातली एक म्हणाली, "पण ताई, पुस्तकात चाळीस हाये ना."

छपाईची चूक कुठेही होते. मला झोंबलं ते दुसरंच. ज्या सवयीने तिने स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं, त्याच सवयीने उद्या ती दुखणं सोसेल, मार खाईल, न वाचता कागदावर अंगठा देईल. मोठ्यांनी सांगितलं, छापून आलं, म्हणजे खरंच असणार! आणि ही सवय मोडायला मी काय आणलं होतं? ज्यात प्रश्नही त्यांचाच, पर्यायही त्यांचेच आणि उत्तरही मागच्या पानावर, असं पुस्तक.

गाईडं आम्ही टाकली नाहीत. आता मुली त्यातल्या चुका शोधतात. पण साहित्य निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहू लागलो. उत्तर मुलीला स्वतःला पडताळता येतं का? दिलेली माहितीच चूक आहे, असं म्हणायची तिला मुभा आहे का? आणि तिचं स्वतःचं जगणं त्यात कुठे आहे का?

पहिल्यासाठी स्वयंपाकघर पुरलं. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. मग घरात 'रक्ताचे' डाग पडले म्हणून भानामती, हे कशावरून? डाग पडले ही पाहिलेली गोष्ट, भानामती हा काढलेला अर्थ. हा फरक मुलींना हळदीने शिकवला, माझ्या भाषणाने नाही.

दुसऱ्यासाठी मुक्ता साळवे उपयोगी पडली. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मातंग मुलगी साधारण चौदा वर्षांची, म्हणजे आमच्या मुलींच्याच वयाची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे पत्र सुरू झालं आपल्याच नगरला, १८४२ मध्ये. वेद फक्त ब्राह्मणांचे आणि आम्ही ते पाहायचेही नाहीत, तर मग आम्हाला धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल. समोरच्याचंच म्हणणं धरून ते शेवटापर्यंत न्यायचं, याहून चांगला तर्काचा धडा कुठल्या गाईडात आहे?

तिसऱ्यासाठी शनिशिंगणापूर. ते आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, आणि मुलींच्या घरच्यांचं जाणंयेणं असलेलं. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही, 'पूर्वीपासून असंच आहे'. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० साली याविरुद्ध आंदोलन केलं. मंदिरप्रवेशाचा कायदा तर १९५६ पासून होता. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बायकांचा हक्क स्पष्ट केला आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला बायका चौथऱ्यावर चढल्या. आम्ही मुलींना दोन्ही बाजू मांडायला लावल्या. 'पूर्वीपासून आहे' हे कारण आहे की नुसती माहिती, यावर तासभर वाद झाला. माझं मत मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नाहीतर मीच मागच्या पानावरचं उत्तर झाले असते.

आता थोडं अवघड. दिवाळीनंतर आमच्यातल्या एकीला स्थळ आलं. वय पंधरा. वडील म्हणाले, मुलगी म्हणजे डोक्यावरची जबाबदारी. तिने विचारलं, "मंग लग्नानं ती जबाबदारी संपती, का दुसऱ्याच्या डोक्यावर जाती?" प्रश्न बिनतोड होता. तिला मार बसला आणि तिचा वर्ग बंद झाला. मंडळाच्या बाया दोनदा घरी गेल्या. आधी आईशी बोलल्या, मग वडिलांशी. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हेही सांगितलं. तीन आठवड्यांनी ती परत आली. लग्न सध्या थांबलं आहे. सध्या.

म्हणून कुठलं पुस्तक घ्यावं असं विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं इतकंच. पुस्तक जरूर पारखून घ्या, पण मुलीच्या हाती 'कशावरून?' हा शब्द देणार असाल तर तो विचारल्यानंतर तिच्या दारात उभं राहायचीही तयारी ठेवा. तर्क तिचा, पण तो ऐकून घ्यायला भाग पाडणं हे आपल्या संघटनेचं काम. आणि तोच प्रश्न तिने उद्या आपल्या बैठकीत आपल्याला विचारला, तर?

तुमच्या वर्गात काय वापरता, काय फसलं, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.