विंचू उतरला, पण...

आमच्या बोईसरात ‘शॉक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कारखान्यात वायरला हात लागला की शॉक, पोरगा नापास झाला की बापाला शॉक! डॉक्टरांचा शॉक मात्र निराळा. शरीराच्या कानाकोपऱ्यांत रक्त पुरेसे पोचेनासे झाले, की आम्ही त्याला शॉक म्हणतो. हातपाय गार पडतात, नाडी बारीक लागते, लघवी आटते. रोगी पुष्कळदा बोलत असतो, म्हणून घरची माणसे फसतात.

हे हात दोन अगदी उलट कारणांनी गार पडतात. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, तर पंप धड असतो पण टाकी रिकामी. तेथे सलाईन म्हणजे अमृत. परंतु हृदयाचा स्नायूच थकला असेल, तर टाकी भरलेली आणि पंप मंद. तेथे बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसांत साचते. ‘डॉक्टर, एक बाटली लावाच’ म्हणणाऱ्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

ही दुसरी तऱ्हा म्हाताऱ्यांचीच असे समजू नका. धडधाकट पोरालाही ती काही तासांत गाठते, ती तांबड्या विंचवामुळे. दिवाळीच्या अंकात विंचू कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण याच दिवसांत माळ्यावरची लाकडे हलतात, भाताचे भारे खळ्यावर येतात, आणि पालघर-डहाणूच्या पाड्यांवर अनवाणी पाय नको तेथे पडतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. खरा घातकी हा लहानखुरा तांबडाच.

त्याचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते. तंतू सारखे संदेश सोडत राहतात. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम. मग अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि चिमटलेल्या नळीतून पाणी ढकलावे तसे हृदयाला झगडावे लागते. शेवटी ते हरते. फुप्फुसांत पाणी भरते, तोंडाला गुलाबी फेस येतो, चढलेला दाब कोसळतो.

हा क्रम रोग्यांच्या उशाशी रात्री जागून टिपला, तो महाडकडच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. त्या काळी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसेक दगावत. बावस्करांनी विचार केला तो असा, की थकल्या बैलाला चाबूक कशाला, जूच सैल करावे! प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी. ती आवळलेल्या वाहिन्या सोडवते. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास उतरले. पद्मश्री मिळायला मात्र २०२२ साल उजाडले. असो.

आता आमच्याकडची अडचण. विष अंगात भिनले, की डंखाची जागा पुष्कळदा फारशी दुखत नाही. अंग घामाने थबथबते, रोगी गप्प होतो. भगत म्हणतो, “विंचू उतरला.” उतरलेला नसतो, चढलेला असतो! गेल्या मोसमात आठेक वर्षांचा एक पोरगा असाच ‘उतरलेला’ माझ्याकडे आला. हात बर्फासारखे. गोळी दिली आणि आईला बजावले, “बाय, त्याला आडवाच राहू दे. कडेवर घेऊ नको, उठवू नको. दाब एकदम घसरेल.” दर तीन तासांनी गोळी, आणि मध्ये मी नि कंपाउंडर आळीपाळीने त्याचे तळवे चाचपत होतो.

पहाटे तळवे कोमट आणि कोरडे लागले. थोड्या वेळाने पोराने पाय धरून भोकाड पसरले, “आये, दुखतंय!” आई घाबरून माझ्याकडे धावली. मी कंपाउंडरला चहा सांगितला.