स्वच्छ द्रव दुधाळ कां होतो?

स्वच्छ द्रव दुधाळ दिसूं लागला कीं तो नासला, असें अनुमान आपण फार लवकर काढतों. आमच्या मतें ही घाई बरी नव्हे. त्यांत कण कोणते आले व ते पुनः विरतील काय, हें आधीं विचारावें.

पाणी व तेल दोन्ही पारदर्शक. पण बाटलींत घालून जोरानें हलविलीं कीं मिश्रण पांढरें होतें. नवा पदार्थ कोणताच झालेला नसतो. तेलाच्या असंख्य सूक्ष्म थेंबांवर प्रकाश चोहोंकडे विखुरतो, इतकेंच.

रक्तांतील पेशी वेगळ्या केल्या कीं फिकट पिवळा रक्तद्रव राहतो. स्निग्ध भोजनानंतर हाच द्रव निरोगी माणसांतही कांहीं तास दुधाळ होतो, कारण आंतड्यांतून आलेले चरबीचे कण त्यांत तरंगत असतात. (उपाशीपोटींही तो तसाच राहिला, तर मात्र डॉक्टरांस विचारावें.) पुष्कळशा तपासण्या द्रवांतून प्रकाश सोडून करितात, त्यामुळें अशा नमुन्याचे आंकडे चुकतात. दान केलेला दुधाळ रक्तद्रव कधीं कधीं टाकूनही द्यावा लागतो. म्हणून रक्तदानास उपाशी जाऊं नये हें खरें, पण भजीं-वडे खाऊनही जाऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

उकडलेल्या अंड्याचा प्रकार निराळा. तेथें प्रथिनें उष्णतेनें उलगडून एकमेकांत गुंततात व पुनः निवळत नाहींत. डोळ्याच्या भिंगांतील प्रथिनें गोळा होऊन मोतीबिंदु होतो, तोही आपोआप निवळत नाहीं. औषधाच्या थेंबांवर भिस्त ठेवून वर्षें दवडणारे लोक पाहून आम्हांस खेद होतो; शस्त्रक्रियेनें तें भिंग काढून दुसरें बसवितां येतें.