एका 'मॉड्यूल'वर पेटंट का अडतं? नेटवर्किंगच्या शोधांमधली शब्दांची लढाई समजून घ्या

२ जून २०१४. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी पेटंटसंबंधी दोन निकाल दिले आणि दोन्ही एकमताने दिले. एक खटला होता व्यायामाच्या मशीनवर हृदयाचे ठोके मोजणाऱ्या उपकरणाचा. दुसरा होता इंटरनेटवरून वेबसाइटचा मजकूर, फोटो आणि व्हिडिओ वेगाने पोहोचवणाऱ्या तंत्राचा.

यंत्र चालतं की नाही, हा वाद दोन्हीकडे नव्हता. वाद होता पेटंटच्या शेवटी लिहिलेल्या वाक्यांचा. त्या वाक्यांचा नेमका अर्थ काय आणि त्यांच्या कक्षेत कोण येतं?

भारतात २०२३-२४ या एका वर्षात पेटंटसाठी ९२ हजारांहून अधिक अर्ज आले. कॉलेजांच्या रँकिंगमध्ये पेटंट मोजली जातात, स्टार्टअपना गुंतवणूकदार पेटंटबद्दल विचारतात. त्यामुळे अर्ज वाढतायत. पण अर्जातली सर्वांत महत्त्वाची ओळ कशी लिहायची, यावर फारसं बोललं जात नाही. नेटवर्किंगच्या शोधांमध्ये तर तीच ओळ सर्वांत जास्त अडते.

पेटंटचा 'क्लेम' म्हणजे काय?

पेटंटच्या अर्जाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन. यंत्र कसं बनवलंय, कसं चालतं, आकृत्या काय सांगतात, हे सगळं त्यात येतं. दुसरा भाग म्हणजे शेवटी क्रमांक देऊन लिहिलेले क्लेम, म्हणजेच हक्काचे दावे.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला ओढा. जमीन किती सुपीक आहे, विहिरीला पाणी किती आहे, याची माहिती कितीही सुंदर लिहिली तरी हक्क ठरतो तो चतुःसीमेवरून. क्लेम ही पेटंटची चतुःसीमा आहे. ती धूसर असेल, तर बांधावरून भांडण ठरलेलंच.

भारतीय कायदा काय सांगतो?

पेटंट कायदा, १९७० च्या कलम १० मध्ये याचे नियम आहेत. अर्जाच्या शेवटी शोधाची व्याप्ती ठरवणारे क्लेम हवेत, असं कलम १०(४) सांगतं. कलम १०(५) नुसार हे क्लेम स्पष्ट आणि नेमके हवेत, अर्जात उघड केलेल्या माहितीवर आधारलेले हवेत. शिवाय ते सगळे एकाच शोधाबद्दल किंवा एका कल्पनेने बांधलेल्या शोधांच्या गटाबद्दल हवेत.

यातून काही रूढ पद्धती तयार झाल्या आहेत. प्रत्येक क्लेम एकाच वाक्यात लिहिला जातो, मग ते वाक्य अर्ध्या पानाचं का होईना. पहिला क्लेम सहसा स्वतंत्र असतो. त्यानंतर 'क्लेम १ मध्ये सांगितल्याप्रमाणे, ज्यात...' अशी सुरुवात करत अवलंबून असलेले क्लेम येतात. ते एकेक अट वाढवत जातात.

क्लेमची संख्याही खिशाला जाणवते. दहापर्यंत क्लेम मूळ शुल्कात बसतात. त्यापुढच्या प्रत्येक क्लेमला ऑनलाइन अर्जात व्यक्ती आणि स्टार्टअपना ३२० रुपये आणि मोठ्या कंपन्यांना १,६०० रुपये जादा मोजावे लागतात. त्यामुळे 'सगळंच लिहून टाकू' हा उपाय चालत नाही.

नेटवर्किंगमध्येच अडचण जास्त का?

खुर्चीचं पेटंट लिहायचं असेल तर पाय, पाठ, बैठक दाखवता येते. नेटवर्कमध्ये बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं आणि ते एका जागी होत नाही. थोडं तुमच्या फोनवर, थोडं टॉवरवर, थोडं दूरच्या सर्व्हरवर. त्यामुळे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. काम नेमकं करतं कोण? आणि करतं कसं?

समजा, कुणीतरी असा क्लेम लिहिला: 'नेटवर्कवरील महत्त्वाची माहिती जलद पाठवण्यासाठी योग्य मॉड्यूल असलेली यंत्रणा.' वाचायला ठीक वाटतं. पण महत्त्वाची कोणासाठी? जलद म्हणजे किती? योग्य कोण ठरवणार? आणि मॉड्यूल म्हणजे चिप, प्रोग्रॅम की आणखी काही?

आता हाच काल्पनिक क्लेम असा वाचा: 'एक राउटर, ज्यात एक मेमरी आणि एक प्रोसेसर आहे, सदर प्रोसेसर पहिल्या रांगेतील पॅकेटची संख्या मेमरीत साठवलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो आणि ती मर्यादा ओलांडताच, ज्या पॅकेटच्या हेडरमध्ये ठरावीक खूण आहे, ती पॅकेट दुसऱ्या रांगेत हलवून पहिल्या रांगेच्या आधी पाठवतो.'

वाक्य लांबलं, पण कोण, काय, कधी आणि कशाच्या आधारे, हे कळलं. 'सदर' या शब्दाचं कामही इथे दिसतं. आधी 'एक प्रोसेसर' आला, मग 'सदर प्रोसेसर'. आधी न सांगितलेली गोष्ट एकदम 'सदर' म्हणून आली, किंवा दोन रांगा असताना नुसतं 'सदर रांग' लिहिलं, तर परीक्षक तिथेच अस्पष्टतेची हरकत घेऊ शकतो.

'मॉड्यूल' शब्दाने काय केलं?

अमेरिकेतला विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स हा खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. पेटंट होतं ऑनलाइन वर्गाचं. शिकवणाऱ्याचा कॉम्प्युटर, विद्यार्थ्यांचे कॉम्प्युटर आणि मधला सर्व्हर. कोव्हिडच्या काळात घरोघरी भरलेल्या वर्गांची आठवण यावी, अशीच ही रचना. पेटंट मात्र १९९० च्या दशकात मागितलेलं होतं.

क्लेममध्ये एक 'वितरित शिक्षण नियंत्रण मॉड्यूल' होतं. ते दोन्ही बाजूंचे संदेश घेणार, पुढे पाठवणार आणि समन्वय साधणार, असं लिहिलं होतं. जून २०१५ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने म्हटलं की, इथे 'मॉड्यूल' हा रिकामा शब्द आहे. तो कुठलीही ठोस रचना सांगत नाही, फक्त काम सांगतो. मग कोर्टाने वर्णनात शोधलं, की हा समन्वय नेमका कोणत्या पायऱ्यांनी होतो? ती कार्यपद्धती तिथेही सापडली नाही. परिणामी तो शब्द असलेले क्लेम अस्पष्ट म्हणून बाद ठरले.

या निकालाचा अर्थ 'मॉड्यूल' शब्दावर बंदी, असा नाही. फक्त कामाचं नाव लिहायचं असेल, तर ते काम कसं होतं, हे वर्णनात पायरीपायरीने द्यावं लागतं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या कॉम्प्युटरसंबंधी शोधांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा सूरही असाच राहिला आहे. अमुक काम करणारं 'साधन' असं क्लेममध्ये लिहिलं, तर त्या साधनाची रचना वर्णनात दिसायला हवी.

आणि पायरी दुसऱ्यानेच केली तर?

आता २ जून २०१४ च्या दुसऱ्या खटल्याकडे येऊ. अकामाई ही कंपनी अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून उभी राहिली. वेबसाइटवरचे जड फोटो, व्हिडिओ ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि वापरणाऱ्याला सोयीच्या सर्व्हरवरून द्यायचे, हे तिचं तंत्र. २००६ मध्ये तिने लाइमलाइट या प्रतिस्पर्धी कंपनीवर खटला भरला.

क्लेम एका पद्धतीचा होता, म्हणजे पायऱ्यांचा. त्यातली एक पायरी होती 'टॅगिंग', म्हणजे कोणता मजकूर या सर्व्हरवरून द्यायचा, त्यावर खूण करणं. लाइमलाइट बाकीच्या पायऱ्या करत होती, पण टॅगिंग करत होते तिचे ग्राहक. मग सगळ्या पायऱ्या एकट्याने केल्या कोणी? कोणीच नाही!

२००८ मध्ये ज्यूरीने अकामाईच्या बाजूने कौल दिला. तो पुढे उलटला. सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये सांगितलं की, थेट उल्लंघन कोणाच्याच नावावर ठरत नसेल, तर त्याला फूस लावल्याचा ठपका ठेवता येणार नाही. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये फेडरल सर्किटने वेगळा विचार मांडला. सेवा हवी असेल तर ग्राहकाने टॅगिंग करायलाच हवं, ही अट लाइमलाइटची होती आणि ते कसं करायचं हेही तीच सांगत होती. म्हणून ग्राहकांची पायरी लाइमलाइटच्याच नावावर धरली गेली आणि सुमारे साडेचार कोटी डॉलरची भरपाई पुन्हा लागू झाली.

अकामाई जिंकली, पण त्यात नऊ वर्षं गेली. क्लेममधल्या सगळ्या पायऱ्या एकाच घटकाच्या, म्हणजे सेवा देणाऱ्या सर्व्हरच्या नजरेतून लिहिल्या असत्या, तर या वादाला तितकी जागा उरली नसती. म्हणूनच नेटवर्किंगमध्ये सर्व्हरसाठी वेगळा, फोनसाठी वेगळा आणि पूर्ण यंत्रणेसाठी वेगळा क्लेम लिहिण्याचा सल्ला दिला जातो.

स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट?

याचं उत्तर त्याच दिवशीच्या नॉटिलस विरुद्ध बायोसिग या पहिल्या निकालात आहे. ठोके मोजणाऱ्या उपकरणाच्या क्लेममध्ये दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून 'अंतर राखून' बसवल्याचं लिहिलं होतं. किती अंतर, ते नव्हतं. खालच्या कोर्टांची तोवरची कसोटी सैल होती. अर्थ लागणं अगदीच अशक्य असेल तरच क्लेम बाद व्हायचा. सुप्रीम कोर्टाने ती बदलली. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला क्लेमची व्याप्ती वाजवी खात्रीने कळली पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं.

गंमत म्हणजे, नव्या कसोटीवर प्रकरण परत गेल्यावर २०१५ मध्ये फेडरल सर्किटने तोच क्लेम पुरेसा स्पष्ट ठरवला. उपकरण हातात धरायचं असल्याने अंतर हाताच्या रुंदीपेक्षा जास्त असू शकत नाही, हे जाणकाराला कळतं, असा तो तर्क होता. म्हणजे प्रत्येक ठिकाणी आकडा हवाच असं नाही. पण आकडा नसेल, तर सीमा कळायला दुसरा काहीतरी आधार हवा.

भारतात काय घडतंय?

भारतात आणखी एक भिंत आहे. कलम ३(के) नुसार निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. नेटवर्किंगचे अनेक अर्ज इथेच अडतात.

मायक्रोसॉफ्टचा २००३ सालचा एक अर्ज याचं उदाहरण आहे. एखाद्या वेबसाइटच्या आतल्या वेगवेगळ्या भागांसाठी दोन कुकीज वापरून युजरची ओळख पटवण्याची ती पद्धत होती. पेटंट कार्यालयाने ३(के) खाली नकार दिला. मे २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो नकार रद्द करून अर्ज नव्याने तपासायला सांगितला. शोधातून तांत्रिक परिणाम साधला जातो का, हे पाहायला हवं, हा कोर्टाचा मुद्दा होता. हा तांत्रिक परिणाम कुठून येतो, हे क्लेममध्येच दिसलं तर अर्जदाराची बाजू भक्कम होते.

पैशांचा अंदाज घ्यायचा तर मार्च २०२४ चा एरिक्सन विरुद्ध लावा हा निकाल पाहा. मोबाइल नेटवर्कच्या तंत्रज्ञानावरच्या ८ पेटंटचा वाद होता. दिल्ली हायकोर्टाने त्यातली ७ वैध धरली आणि लावाला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. एक पेटंट मात्र अवैध ठरलं.

नंतर दुरुस्ती करता येत नाही का?

येते, पण एकाच दिशेने. कलम ५९ नुसार दुरुस्त केलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेतच राहिला पाहिजे. चतुःसीमा आत घेता येते, बाहेर सरकवता येत नाही. मूळ अर्जात नसलेली माहितीही नंतर घालता येत नाही. परीक्षकाच्या पहिल्या अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, फार तर आणखी तीन.

नवा अर्ज करावा म्हटलं, तर वेगळा पेच. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर तुमचाच जुना अर्ज 'हे आधीच माहीत होतं' म्हणून तुमच्या नव्या अर्जाविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

पेटंट मिळालं म्हणजे सुटलो, असंही नाही. क्लेमची व्याप्ती पुरेशी स्पष्ट नाही, या कारणावरून मिळालेलं पेटंटही कलम ६४ खाली रद्द होऊ शकतं.

मग फरक कोणाला पडतो?

मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. चुकलेल्या क्लेमची किंमत जास्त मोजतो तो लहान अर्जदार. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. पण सवलत शुल्कात मिळते, मसुद्यात नाही.

दुसरी बाजूही आहे. क्लेम मुद्दाम धूसर ठेवला, तर तो प्रतिस्पर्ध्याला घाबरवायला उपयोगी पडतो. आपण बांध ओलांडतोय की नाही, हेच कळत नसेल, तर नवा उद्योजक त्या वाटेलाच जात नाही. पेटंट म्हणजे समाजाने केलेला सौदा आहे. शोध सगळ्यांसमोर उघड करा आणि बदल्यात २० वर्षं एकाधिकार घ्या. समाज काय देतोय, हे कागदावर स्पष्ट नसेल, तर तो सौदा एकतर्फी होतो.

म्हणून अर्ज करण्याआधी क्लेम अशा इंजिनिअरला वाचायला द्यावा, जो त्या प्रोजेक्टवर नव्हता. मात्र त्याच्याकडून गोपनीयतेचा करार आधी लिहून घ्यावा. वाचून झाल्यावर त्याला दोन प्रश्न विचारावेत: यातलं प्रत्येक काम कोण करतं आणि कसं करतं? उत्तर देताना तो अडखळला, तर मसुदा अजून तयार नाही. ही दुरुस्ती अर्ज जाण्याआधी फुकटात होते.