गडी यंदा कोणाकडे?

मराठीत ‘गडी’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. शेतावर राबतो तो गडी, वाड्यात पाणी भरतो तो गडी आणि हुतुतूच्या मैदानात दम धरून पलीकडच्या अंगणात शिरतो तोही गडीच. क्रिकेटच्या धावत्या वर्णनात ‘पाच गडी बाद’ असे ऐकू आले, तर त्या पाचांना कोणी नोकरीवरून काढले असे आपल्याला वाटत नाही. शिवाय प्रेमात येऊन ‘अरे गड्या’ म्हणावे, की तो मित्र होतो. नोकर, खेळाडू आणि मित्र अशा तिघांना आमच्या पूर्वजांनी एकाच शब्दाच्या खोलीत बिनभाड्याने ठेवून दिले, आणि ते तिघेही तेथे गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत.

या शब्दाला जोडून आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे : ‘गडी यंदा कोणाकडे?’ सालगड्याचे साल गुढीपाडव्याला सुरू व्हायचे आणि पुढच्या पाडव्याला संपायचे. धान्य किती, कपड्यांचे जोड किती, रोख किती, एवढे ठरले की गडी वर्षभर त्या घरचा. पाडवा जवळ येऊ लागला म्हणजे पारावर कुजबूज सुरू होई. अमक्याचा गडी तमक्याने फोडला! मग फोडणारा आणि फुटलेला, दोघांच्याही नावाने चार दिवस बोटे मोडली जात.

ही कुजबूज युरोपात ऑगस्ट महिन्यात होते, हे ज्ञान मला आमच्या चिरंजिवांमुळे झाले. त्यांना सायकल शर्यतींचे वेड आहे. स्वतःची सायकल ते दुधाच्या दुकानापर्यंतही कुरकुरत नेतात, हा भाग वेगळा. पण फ्रान्समधील कोणत्या घाटात कोण पुढे निघाला हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्याकडून समजले ते असे. तिकडचे धंदेवाईक सायकलपटू संघाशी लेखी करार करतात. करार संपतो एकतीस डिसेंबरला. पुढच्या वर्षी कोण कोणत्या संघात जाणार, हे एक ऑगस्टपासून उघडपणे सांगावयास परवानगी असते. एक ऑगस्टच्या आधी कोणी बोलावयाचे नाही असा नियम आहे. म्हणून आधी सगळे हळू आवाजात बोलतात. आमचा पार आणि त्यांचा पार यांत मला तरी फारसा फरक दिसला नाही.

या संघांना गावाची नावे बहुधा नसतात. पैसा पुरविणाऱ्या कंपनीचेच नाव संघाला. कोणी फरशा विकणारा, कोणी नळ विकणारा, कोणी चुली विकणारा. रेम्को एव्हेनपूल हा बेल्जियमचा जवान २०१९ साली वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी ज्या संघातून धंदेवाईक झाला, त्या संघाच्या नावात पुढे सांधे बुजविण्याचा मसाला करणारी कंपनी आली. याच संघात असताना २०२२ साली तो जगज्जेता झाला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने देशासाठी दोन सुवर्णपदके मिळवली. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले की, करार एक वर्ष शिल्लक असतानाच तो एका पेयाच्या कंपनीच्या संघात जाणार.

जेवताना चिरंजिवांनी ही बातमी सांगितली तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले.

“इतकी वर्षे ज्यांचे मीठ खाल्ले, त्यांना सोडून निघाला?” सौभाग्यवतींनी वाढता वाढता विचारले.

“अगं आई, करार असतो तो! दोन्ही संघ बोलले, कागद झाले, मग गेला.”

“कागद झाले म्हणजे मीठ अळणी होते का?”

या प्रश्नावर चिरंजीव निरुत्तर झाले. मीही आमटीकडे लक्ष वळविले. पण मिठाचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना.

सायकल शर्यतीत मिठाची बाब नाजूक आहे खरी. वरवर पाहणाऱ्याला वाटते की, प्रत्येकजण आपापली सायकल हाणतो आणि पहिला येतो तो जिंकतो. वस्तुतः टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत एका संघाचे आठ गडी उतरतात आणि त्यांपैकी बहुतेक सगळे एका नायकासाठी राबतात. वारा अंगावर घेऊन त्याला आडोसा द्यावयाचा, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणावयाच्या, त्याचे चाक फुटले तर आपले काढून द्यावयाचे, आणि घाटाच्या मध्यावर दम संपला की मुकाट्याने मागे पडावयाचे. या माणसाला फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तीक’ म्हणतात. शब्दशः अर्थ घरगडी!

हा शब्द कसा आला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९११ सालच्या टूरमध्ये मॉरिस ब्रोको नावाचा एक स्वार होता. आपण जिंकत नाही असे दिसताच त्याने आपले पाय दुसऱ्याच्या कामी लावले. फ्रांस्वा फाबेर हा मोठा स्वार मागे पडला होता, त्याला सोबत करून त्याने मुक्कामापर्यंत आणले. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज हे कडक गृहस्थ. ‘हा तर नुसता घरगडी!’ अशा अर्थाची शेलकी आहेर त्यांनी केली. ब्रोकोला ते लागले असावे. दुसऱ्या दिवशी पर्वतातल्या टप्प्यात तो सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. इतके पळता येत असताना काल दुसऱ्यासाठी रेंगाळला, हाच त्याचा अपराध ठरला आणि देग्रांज यांनी त्याला शर्यतीतून काढून टाकले. शिवी म्हणून आलेला शब्द मात्र टिकला, आणि आज तो अभिमानाने मिरविला जातो. २०२३ साली सेप कुस या अमेरिकन घरगड्याने आपल्याच संघातले दोन नामवंत नायक शर्यतीत असताना स्पेनची मोठी शर्यत जिंकली, तेव्हा चिरंजीव घरभर नाचले होते.

आपल्याकडे सायकलीचे वेड नाही असे नव्हे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इतका देखणा किताब फ्रेंचांनाही सुचला नाही. पण आपल्या राजाला फरशीवाला किंवा नळवाला येऊन करार देत नाही. आपल्याकडे चांगल्या सायकलपटूची बदली होते ती नोकरीच्या वाटेने. रेल्वेत किंवा सैन्यात जागा मिळाली की राष्ट्रीय स्पर्धेत तो राज्याचा सदरा उतरवून रेल्वेचा किंवा सेनादलाचा सदरा चढवितो. त्याला कोणी बेइमान म्हणत नाही. उलट गावात पेढे वाटतात. मुंबईत एके काळी क्रिकेटचेही असेच होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये, आणि टाइम्स ढालीसाठी कचेऱ्या कचेऱ्यांशी लढत. खेळाडूच्या आईला त्या काळी शतकाइतकाच आनंद कायम नोकरीच्या पत्राने होत असे.

आता आपल्याच जिल्ह्याचे बघा. श्रीरामपूरचा जहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबईला गेला, पण रणजी सामन्यांत पहिली संधी मिळाली ती बडोद्याकडून. २०००-०१ साली बडोद्याने रणजी करंडक जिंकला त्यात त्याचा मोठा वाटा होता. २००६ साली तो इंग्लंडात वूस्टरशरकडून खेळला, त्याच मोसमात पुढे मुंबईकडे आला आणि मुंबईच्या विजयी संघात अंतिम सामना खेळला. आयपीएलमध्ये बंगळूर, मग मुंबई, पुन्हा बंगळूर, पुन्हा मुंबई आणि शेवटी दिल्ली. २००९ साली तर रॉबिन उथप्पा तिकडे आणि जहीर इकडे अशी चक्क अदलाबदल झाली, शेजारणी वाटी देऊन वाटी घेतात तशी. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे मुंबई, राजस्थान, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशी यात्रा करून २०२५ साली पुन्हा कोलकात्याला पोहोचला, आणि तेथे कर्णधार झाला. त्याच रहाण्याच्या नेतृत्वाखाली भारताने २०२१च्या जानेवारीत ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला नमविले. एवढ्या ठिकाणी मीठ खाऊन या दोघांपैकी कोणाच्या खेळाला अळणीपणा आला?

म्हणून माझे मत चिरंजिवांच्या बाजूने झुकले. गड्याने ज्या वर्षी ज्याचे काम पत्करले, त्या वर्षी ते जीव लावून करावे. साल संपले की हिशेब मिटवून मोकळे व्हावे. ‘निष्ठा’ हा शब्द आपण नेहमी गड्यालाच का लावतो? फरशीवाला कंटाळून पैसे बंद करतो आणि संघ मोडतो, त्या दिवशी त्याला मिठाची आठवण कोणी करून देत नाही.

कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये तर माणसांचा लिलाव होतो; ‘विकला गेला’ असे वर्तमानपत्रे छापतात. मराठीचा मास्तर म्हणून हा शब्द मलाही टोचतो. कोणी बोली लावावी हे तेथे खेळाडूच्या हाती नसते. परंतु लिलावात नाव द्यावे की नाही, हे त्याच्या हाती असते, आणि मोसम संपला की तो घरी येतो. सायकलवाल्यांची व्यवस्था त्याहून पुढे गेली आहे. किमान वेतन ठरलेले. स्वारांची संघटना आहे. नवशिक्याला पहिला करार निदान दोन वर्षांचा द्यावाच लागतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, वरच्या श्रेणीच्या संघाला हंगामापूर्वी बँकेची हमी द्यावी लागते. संघ उद्या बुडाला तर गड्याचा पगार त्यातून भागावयाचा. पैशाची हमी मालक देतो, गडी नव्हे.

येथे मला वाचकांना श्रीरामपूर-संगमनेरच्या त्याच उसाच्या पट्ट्यात थोडे थांबवावयाचे आहे. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. कारखान्यांच्या हंगामाआधी आमच्याच जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागात, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे, एक मोठी भरती होते. तिला ‘टोळी’ म्हणतात. टोळीचा नायक मुकादम. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. म्हणजे दोन माणसे मोजताना आकडा मात्र एक. पावसाळ्यात, घरात चणचण असताना, मुकादम ‘उचल’ देतो. ती घेतली की दसरा-दिवाळीनंतर गाडी सांगेल त्या कारखान्यावर जावयाचे, पहाटेच्या अंधारात तोडणी धरावयाची, मोळ्या डोक्यावर वाहावयाच्या आणि उचल फेडावयाची. आजारपण आले, ऊस कमी पडला, तर उचल फिटत नाही. मग बाकी पुढच्या सालावर ओढली जाते, आणि ‘गडी यंदा कोणाकडे?’ हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. तो गेल्या वर्षी ज्याच्याकडे होता त्याच्याचकडे. येथे हमी मजूर देतो, आपल्या अंगाची.

पदवीच्या वर्गाला उपयोजित मराठी शिकविताना गेल्या वर्षी मी मुलांना एक करारपत्र लिहावयास सांगितले. विषय ज्याचा त्याने निवडावा. कोणी घरभाड्याचे लिहिले, कोणी दुकानाचे. चार-दोघांनी क्रिकेटपटूचे लिहून स्वतःला कोट्यधीश करून घेतले. पाथर्डीकडच्या एका मुलाने मात्र मुकादम आणि कोयता यांचा करार लिहिला होता. भाषा सरळ, अक्षर घोटीव. कलमे चारच. कोयत्याला दोन माणसे मोजावी. वजनाची पावती रोज हाती द्यावी. हंगाम संपताच हिशेब लिहून द्यावा. आणि चौथे : बाकी राहिल्यास ती पुढील सालावर ओढू नये; मजुरास दुसरीकडे जावयाचे असल्यास जाऊ द्यावे.

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले आणि तास संपल्यावर विचारले, “कलमे चांगली आहेत. घरी कोणाला दाखविलीस का?”

“वडिलांना वाचून दाखवली, सर,” तो म्हणाला. “ते म्हणाले, चौथं कलम मान्य झालं तर बाकीची तीन नसली तरी चालतील.”

दिवाळीनंतर तो महिना दीड महिना वर्गात नव्हता. आईचे दुखणे निघाले होते, म्हणून कोयता पुरा करावयास तो गेला होता. परीक्षेला आला, पास झाला, यंदा शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या वडिलांची बाकी मिटली की नाही, हे मला माहीत आहे; पण ते त्यांच्या घरचे आहे, येथे सांगण्याचे नव्हे. एवढेच सांगतो की या दिवाळीच्या सुट्टीचे वेळापत्रक फळ्यावर लागले, तेव्हा वर्गातली बाकीची मुले सुट्टी कधी लागते ते पाहत होती. तो कॉलेज पुन्हा कधी उघडते ती तारीख वहीत उतरवून घेत होता.