सावळा देव, गोरी सून : देशीवादी सौंदर्यविचारावर एक आक्षेप

गोऱ्या रंगाचे वेड ही इंग्रजी अमदानीची देणगी असून मूळ मराठी सौंदर्यदृष्टी सावळ्या वर्णाची पूजक होती, हे देशीवादी समीक्षेचे आवडते प्रतिपादन आहे. पुराव्यांची जंत्री ठरलेली असते : पंढरीचा काळ्या पाषाणाचा विठ्ठल, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील श्यामवर्णी स्त्री, गाथासप्तशतीतील ‘सामा’. जालना जिल्ह्यातून पाहिले तर ही जंत्री अधिकच भरघोस दिसते. उत्तरेस अजिंठा, शेजारी सातवाहनांचे पैठण, आणि जिल्ह्यातच घनश्याम रामाचे उपासक असलेल्या रामदासांचे जन्मगाव जांब. प्रतिपादन सुखद आहे. ते टिकत मात्र नाही.

‘सामा’ हा शब्द गाथेत वर्णवाचक म्हणून येतो, हे मान्यच. पण पुढे या शब्दाचे काय झाले? मेघदूतावरील टीकेत मल्लिनाथ ‘श्यामा’ म्हणजे तरुणी असा अर्थ लावतो. टीकापरंपरेत वारंवार उद्धृत होणारे एक लक्षण तर श्यामेची कांती तापलेल्या सोन्यासारखी असल्याचे सांगते. शब्द सावळ्याचा, अर्थ सोन्याचा! मल्लिनाथाच्या काळी या भूमीवर इंग्रजांचे राज्य नव्हते.

लोकभाषेची साक्षही देशीवाद्यांच्या सोयीची नाही. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उतावळेपणाला हसते. गोरे होण्याच्या इच्छेला हसत नाही, ती इच्छा गृहीत धरते. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले (२०२० साली त्याच्या नावातील ‘फेअर’ तेवढे गेले) तेव्हा गिऱ्हाईक तयारच होते. वसाहतवादाने या आवडीला वंशश्रेष्ठत्वाचे शास्त्र पुरवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आवडीचे जनकत्व त्याच्याकडे जात नाही. पाश्चात्त्यांची वसाहत कधीच न झालेल्या जपानातही गोरेपणा सात दोष झाकतो अशी जुनी म्हण आहे.

मूळ भेद आहे तो उन्हात राबणाऱ्या आणि सावलीत बसणाऱ्या देहांचा. युरोपात श्रम शेतावर होते तोवर फिकट कांती खानदानी ठरली. श्रम कारखान्यात गेल्यावर, १९२० नंतर, उन्हाने तांबूस झालेली त्वचा फुरसतीची खूण बनली. जालन्याकडे कपाशीची खुरपणी आजही उन्हातच होते. तेथील जमीन ‘काळी आई’ असते. त्याच काळीत राबणाऱ्या मुलीचा रंग मात्र सोयरीक जुळवताना ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ अशा शब्दांनी झाकावा लागतो. आणि उन्हात कोणी राबायचे हे जातीने ठरवलेले असल्याने रंगाची निवड ही केवळ अभिरुचीची बाब उरत नाही.

अभंगांतील सावळेपणा हे देवत्वाचे चिन्ह आहे. त्यावरून माणसांच्या वर्णाचे समाजातील मोल काढणे ही वाचनाचीच चूक होय. जालन्याच्या सीमेलगतचे मेहुणा राजा हे एका परंपरेनुसार चोखामेळ्याचे जन्मगाव. त्याचा देव काळा होता. त्या देवाच्या मंदिरात त्याला प्रवेश नव्हता, आणि त्याची समाधीही महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. सावळ्या वर्णाच्या गौरवाची जंत्री करणारी समीक्षा विठ्ठलाच्या पाषाणाचा रंग नोंदवते. ही पायरी मात्र ओलांडून पुढे जाते.