संधिप्रकाशातील यंत्रनाद

यंत्रातून निघालेल्या नादाला संगीत म्हणावे काय, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यात मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, असे आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले. ते पुन्हा किलकिले होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. वस्तुतः ज्या परदेशी वाद्यावर हा बहिष्कार पडला, ते तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांच्या हातून मराठी नाट्यसंगीताचे अंगच होऊन बसले होते.

आज तोच वाद विद्युत-संगीताच्या रूपाने उभा आहे. प्रकाश आणि अंधार, माणूस आणि यंत्र अशा एखाद्या द्वैतावर सबंध ध्वनिमुद्रिका बेतणारे हे काळोख्या छायेचे संगीत म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, असे म्हणून वडीलधारी मंडळी ते निकालात काढतात. त्यांनी मुंबईतील एका तबकडीची कथा ध्यानात घ्यावी.

हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली : तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागाच्या स्वरावलीसाठी ज्युपिटर-८. गायक नाही, तबला नाही. न थकणारा यांत्रिक ठेका आणि रागाचा विस्तार यांना समोरासमोर बसवावे, एवढी एकच कल्पना दहाही रागांतून खेळविलेली आहे.

हे द्वैत मात्र बाहेरून आणलेले नव्हे. या दहांतील ललित रागात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागतात. ललित आणि भैरव हे दोन्ही संधिप्रकाश राग. रात्र सरते आणि दिवस उगवतो, त्या सीमेवरचे. पंडित भातखंडे यांनी आपल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त, आणि तेही मराठीतून, या वर्गाची चर्चा केलेली आहे. अंधार आणि उजेड यांचा संधी आपल्या संगीतशास्त्राला पूर्वीच ठाऊक होता. टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. चरणजित सिंग यांनी तिच्यात मींड ओळखली, हे त्यांचे मर्म.

ही तबकडी बाजारात चालली नाही. खुद्द टीबी-३०३ हे यंत्रही अपेशी ठरून १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. पुढे ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' हा संगीतप्रकार घडविला. त्याची आद्य ध्वनिमुद्रिका १९८७ सालची. पाच वर्षांपूर्वी मुंबईत तशाच नादाची तबकडी निघाली होती, हे जगाला कळले ते २०१० साली, एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केल्यावर. चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले. किंमत आणि मूल्य यांतील अंतर अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुस्तकात वाचतो; त्याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

येथे एक आक्षेप मान्य केला पाहिजे. याच यंत्रांमुळे पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठे वाद्यवृंद आटले आणि अनेक वादकांचे काम गेले. हे दुःख खरे आहे. परंतु तो रोजगाराचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रोजगाराच्या धोरणातच शोधले पाहिजे. मजुरी बुडाली म्हणून कला खोटी ठरत नाही. तसेच कला खरी ठरली म्हणून बुडालेली मजुरी भरून येत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत केली, तर दोन्हींवर अन्याय होतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातीलच पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात दोन पक्ष कडाकडा भांडतात आणि अखेरीस परस्परांस आलिंगन देतात. ज्या भूमीत हा संवाद रचला गेला, तेथील महाविद्यालयांनी संगणकावर स्वररचना करणाऱ्या विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनाच्या कोपऱ्यात ढकलू नये. त्याला ललितचे दोन मध्यम समजावून सांगावेत, आणि मग त्याचे यंत्र काय म्हणते ते शांतपणे ऐकावे. ऐकल्यानंतर नापसंती दाखविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. ऐकण्यापूर्वी तो कोणासही नाही.