बंधक जाते कुठे?

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तार बसवतात, तेव्हा प्रत्येक दातावर धातूचे किंवा पांढऱ्या सिरॅमिकचे एक चिमुकले ब्रॅकेट चिकटवले जाते. एवढ्याशा तुकड्यात तार बसायला खाच असते आणि तार बांधायला बाजूला पंख असतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील चिमट्याचे जबडे, घड्याळाचे आणि मोबाइलचे बारीक भागही असेच नाजूक असतात. ते एकेक करून कोरायचे तर वेळ आणि धातू दोन्ही वाया जातात. म्हणून असे अनेक भाग आज प्लास्टिकच्या वस्तूंप्रमाणे इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे साच्यात दाबून तयार होतात.

कडक धातू साच्यात वाहतो कसा, याचे उत्तर बाइंडरमध्ये, म्हणजे बंधकात आहे. धातूची पिठासारखी भुकटी घेतात. तिचे कण साधारणपणे २० मायक्रॉनपेक्षा लहान असतात. त्यात मेण आणि पॉलिप्रॉपिलीनसारखे पॉलिमर मिसळतात. आकारमानाने पाहिले तर या मिश्रणात सुमारे ४० टक्के बंधकच असते. रव्याच्या लाडवात पाक जे काम करतो, ते येथे बंधक करते. फरक इतकाच की लाडवातला पाक लाडवातच राहतो, येथे मात्र आकार मिळाल्यावर बंधक संपूर्ण काढून टाकावे लागते. त्यानंतर तुकडा भट्टीत भाजतात. स्टेनलेस स्टीलसाठी हे तापमान साधारण १३५० अंश सेल्सिअस असते. कण एकमेकांना जुळतात, तुकडा प्रत्येक बाजूने १५ ते २० टक्के आक्रसतो आणि घट्ट होतो. यालाच सिंटरिंग म्हणतात. बंधक घाईने काढले तर तुकडा फुगतो किंवा तडकतो. थोडे मागे राहिले तर त्यातला कार्बन स्टीलची गंजाला तोंड देण्याची ताकद कमी करतो. त्यामुळे बंधक तुकड्यातून पुरते गेले की नाही, यावर कारखान्यात बारीक लक्ष असते. ते गेले कुठे, हा प्रश्न मात्र आरोग्याचा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

बंधक काढण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत तुकडे द्रावकात बुडवून मेण विरघळवतात. हेप्टेन, हेक्सेन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन ही अशा द्रावकांची नावे. दुसरीत पॉलिअ‍ॅसिटल नावाचे पॉलिमर वापरतात. नायट्रिक आम्लाच्या वाफेत ११० ते १४० अंशांवर ते तुटते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. चांगल्या भट्टीत हा वायू बाहेर पडण्यापूर्वी ज्योतीत जाळला जातो. तिसऱ्या पद्धतीत बंधक केवळ उष्णतेने हळूहळू जाळून काढतात.

या रसायनांची वैद्यकशास्त्राला चांगली ओळख आहे. फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन. शवविच्छेदनाच्या दालनात पाऊल ठेवताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. ट्रायक्लोरोएथिलीनही पुढे त्याच गटात गेले. हेक्सेनचा मारा नसांवर होतो. आधी पायांना आणि बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग पावलांतली ताकद कमी होणे असा त्याचा क्रम असतो. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो. चीनमधील सूझौ येथे २००९ मध्ये मोबाइलचे पडदे हेक्सेनने पुसणाऱ्या १३७ कामगारांना ही बाधा झाली होती. हेप्टेन गुणधर्मांनी हेक्सेनचा जवळचा भाऊ, पण नसांना तुलनेने फार कमी घातक. म्हणजे द्रावकाची निवड हीच येथे प्रतिबंधक उपाययोजना ठरते.

अशा भागांचे मोठे उत्पादन देशात प्रामुख्याने बंगळुरू परिसरात होते. म्हणून पुणे जिल्ह्याला याचे सोयरसुतक नाही, असे समजण्याचे कारण नाही. धातूची भुकटी दाबून सिंटरिंग करण्याचा उद्योग पिंपरीत कित्येक दशकांपासून आहे. यंत्राच्या भागांवरचे तेल काढायला हेक्सेनसारखी द्रावके लागतात, आणि प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनमध्ये पॉलिअ‍ॅसिटल प्रमाणाबाहेर तापले तर तोच झोंबणारा वायू सुटतो.

या कारखान्यांतला कामगार राहतो कुठे, हेही पाहायला हवे. कुकडी नदीवरील येडगाव धरणाच्या आसपास टोमॅटो, द्राक्षे आणि ऊस पिकतो. याच घरांतली मुले पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, भोसरीला कामाला जातात. बहुतेकांची नोकरी कंत्राटी असते. पायाला मुंग्या येऊ लागल्या तर असा तरुण सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या दवाखान्यात येतो. तेथे साखर तपासली जाते, बी-१२ ची इंजेक्शने दिली जातात. विषबाधेची शंका आलीच तर पिकावरच्या फवारणीची चौकशी होते. ‘कंपनीत नेमके काय हाताळतोस?’ हे विचारायचे राहून जाते. कारखान्याच्या डॉक्टरला त्रास ठाऊक नसतो आणि गावच्या डॉक्टरला रसायन. आजाराचे कारण या दोघांच्या मधल्या रस्त्यावर हरवते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथात, रुग्णाला त्याचा धंदा कोणता हे विचारा, असे वैद्यांना बजावले होते. आपल्याकडे कायदाही हेच सांगतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ ने यादीतील व्यावसायिक आजार आढळल्यास मुख्य निरीक्षकांना कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. रसायनांमुळे होणारा त्वचादाह, व्यावसायिक कर्करोग, ट्रायक्लोरोएथिलीनच्या वर्गातील द्रावकांची विषबाधा हे त्या यादीत आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक केले. नोंदच झाली नाही, तर आजार कामामुळे झाला हे सिद्ध करणे अवघड होते आणि भरपाईची वाटही बिकट होते.

तेव्हा अपेक्षा मोजक्याच आहेत. कारखान्यांनी हेक्सेन आणि ट्रायक्लोरोएथिलीनऐवजी कमी घातक द्रावके किंवा पाण्यात विरघळणारी बंधके वापरावीत. ती आज उपलब्ध आहेत. भट्ट्या बंदिस्त असाव्यात, ज्योत सतत पेटती असावी आणि रसायनांचे माहितीपत्रक कंत्राटी कामगारालाही मराठीत मिळावे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव आणि वयाच्या खाली कामाचा रकाना असावा, आणि त्यात ‘नोकरी’ असा एक शब्द न लिहिता काम काय व कोणत्या पदार्थाशी, हे लिहावे.

तोंडात ब्रॅकेट असलेल्यांनी या सगळ्याने घाबरू नये. बंधक केव्हाच निघून गेलेले असते. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर दंतवैद्याला आधी सांगावे, एवढेच. काळजी घ्यायची आहे ती बंधक काढणाऱ्या माणसाची. मुंग्या येणारे पाय घेऊन तो पुढच्या सुट्टीला गावी येईल, तेव्हा त्याला विचारायच्या प्रश्नाला ना यंत्र लागते ना पैसा.